ग्राफिक्स कार्डाची खतावणी

डिस्कव्हरी गार्डन्समध्ये दोन गोष्टींच्या भावावर कुणीही, कधीही, अगदी लिफ्टमध्येसुद्धा बोलायला तयार असतं. एक घरभाडं आणि दुसरं ग्राफिक्स कार्ड. घरभाड्याचं समजू शकतं. नखील कंपनीनं जेबेल अलीच्या वाळूत उभारलेल्या या वसाहतीचे झेन, मेडिटरेनियन, कंटेम्पररी, मेसोअमेरिकन, मुघल आणि कॅक्टस असे सहा भाग आहेत. नावं भारदस्त, पण इमारती बुटक्या, घरं लहान आणि राहणारे बहुतेक सगळे पगारदार. १ जानेवारी २०२१ ला दारात मेट्रो आली आणि भाड्याचा विषय आणखीनच तापला. ग्राफिक्स कार्डाचं मात्र बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. इथली सोळा-सतरा वर्षांची पोरं बागेत बसून कार्डांचे आकडे असे बोलतात, जसे आमच्या लहानपणी मुलगे गावसकरच्या धावा बोलायचे. आणि त्यांचे वडील संध्याकाळी फिरायला निघतात ते हातातल्या मोबाइलवर या कार्डांच्या चिपा बनवणाऱ्या एनव्हिडियाचा शेअर बघत, कारण न्यूयॉर्कचा बाजार दुबईच्या घड्याळात उन्हाळ्यात साडेपाचला आणि हिवाळ्यात साडेसहाला उघडतो. एकाच कंपनीमुळे बाप खुशीत आणि पोरगा वैतागलेला, अशी घरं आमच्या इमारतीत दोन-तीन तरी आहेत.

मी हिशेबाची बाई. माहेर सांगलीचं, वडील हळदीच्या अडत दुकानात दिवाणजी होते. लग्न होऊन नव्वदच्या दशकाच्या शेवटी दुबईला आले, करामात राहिले आणि बर दुबईतल्या एका कॉम्प्युटरच्या घाऊक कंपनीत हिशेब लिहायला लागले. पुढे कंपनीचं गोदाम जेबेल अली फ्री झोनमध्ये गेलं, तेव्हा जवळ पडावं म्हणून आम्ही इकडे राहायला आलो. मला गेम खेळता येत नाही आणि कार्डाच्या आत काय चालतं ते मी ऐकून-वाचून शिकले. पण या कार्डांची बिलं, क्रेडिट नोटा आणि न वटलेले चेक मी आयुष्यभर हाताळलेत. त्या कागदांवरून जो इतिहास दिसतो तो सांगते.

खालिद बिन अल वलीद रस्त्याला एका टोकाला बँक स्ट्रीट म्हणायचे आणि दुसऱ्या टोकाला कॉम्प्युटर स्ट्रीट. अल ऐन सेंटरमध्ये आणि त्याच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत दुकानाला लागून दुकान. सिंधी, मल्याळी, गुजराती, इराणी, पाकिस्तानी. मराठी माणूस बहुधा काउंटरच्या आत, पगारावर. मुंबईचा लॅमिंग्टन रोड ज्यांनी पाहिलाय त्यांना वेगळं वर्णन करायला नको. फरक एवढाच की लॅमिंग्टन रोडचा माल मुंबईत खपायचा आणि इथला माल इथे थांबायचाच नाही. तैवानहून आणि हाँगकाँगहून खोकी यायची, जेबेल अलीत उतरायची आणि खाडीवरच्या गलबतांतून, नाहीतर विमानानं, इराण, पूर्व आफ्रिका, रशियाकडचे देश अशी पुढे जायची. १९८१ मध्ये सुरू झालेलं जायटेक्स प्रदर्शन म्हणजे या सगळ्या व्यापाऱ्यांची जत्रा. त्या आठवड्यात आमच्या ऑफिसात पाय ठेवायला जागा नसायची आणि मला सुट्टी मिळायची नाही.

मुंबईकडेही माल जायचा, तो मुख्यतः प्रवाशांच्या बॅगांतून. भारतात तेव्हा कॉम्प्युटरच्या सुट्या भागांवर जकात जबर होती. माहिती तंत्रज्ञानाच्या जागतिक करारात भारत सामील झाल्यावर ती टप्प्याटप्प्यानं उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली आणि बॅगवाल्यांचा धंदा आपोआप बसला. आमच्या वहीतली मुंबईची रोखीची गिऱ्हाइकं बघता बघता गळाली. कुणी पकडलं नाही, कुणी बंदी घातली नाही, फक्त फरक उरला नाही.

आता उधारीबद्दल, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. दुबईचा घाऊक व्यापार पुढच्या तारखेच्या चेकवर चालायचा. पीडीसी म्हणायचे त्याला. दुकानदार आज शंभर कार्डं उचलणार, साठ दिवसांनंतरच्या तारखेचा चेक देणार आणि त्या साठ दिवसांत माल विकून पैसे उभे करणार. चेक वटला नाही तर तो फौजदारी गुन्हा होता, माणूस तुरुंगात जायचा; हा कायदा २ जानेवारी २०२२ ला बराच सैल झाला. त्यामुळे भाव पडला की गल्लीत भीती पसरायची. घेतलेला माल शंभराचा, बाजारात किंमत सत्तर आणि खिशात चेकची तारीख. अशा वेळी एखादं शटर सकाळी उघडायचंच नाही. फोन बंद, भाड्याची गाडी विमानतळावर उभी. मी त्या माणसाच्या नावापुढे ‘संशयित येणे’ असं लिहायचे आणि पुढच्या पानाकडे वळायचे.

त्यावरचा उतारा म्हणून घाऊकवाल्यांना प्राइस प्रोटेक्शन मिळायचं. कार्ड बनवणाऱ्या कंपनीनं यादीतला भाव कमी केला, तर आमच्या गोदामात पडून असलेल्या मालावर तेवढ्या फरकाची क्रेडिट नोट यायची. या नोटांचा हिशेब ठेवणं हे माझं खास काम. मालक म्हणायचे, “बाई, नफा सेल्समन कमावतात, पण तो टिकवता तुम्ही.” ग्राफिक्स कार्डाच्या व्यापाराचं सगळं मर्म त्या क्रेडिट नोटांत होतं. ही वस्तू दर सहा महिन्यांनी स्वस्त व्हायची. नवीन कार्ड आलं की जुनं उतरायचं, न चुकता. भाव वर जाईल म्हणून माल धरून ठेवणारा माणूस आमच्या गल्लीत वेडा ठरायचा.

मी आले तेव्हा राज्य थ्रीडीएफएक्स कंपनीच्या व्हूडू कार्डाचं होतं. १९९६ साली आलेलं हे कार्ड एकटं चालायचंही नाही. साधं चित्र दाखवायला दुसरं कार्ड लागायचं आणि दोघांना मागून केबलनं जोडावं लागायचं. एनव्हिडिया तेव्हा एक होतकरू नाव होतं. जेन्सन हुआंग, ख्रिस मालाचोव्स्की आणि कर्टिस प्रीम या तिघांनी १९९३ मध्ये काढलेली ही कंपनी जानेवारी १९९९ मध्ये १२ डॉलरला एक शेअर या भावानं बाजारात आली. त्याच वर्षी जीफोर्स २५६ आलं आणि ‘जीपीयू’ हा शब्द कंपनीनं त्याच्या खोक्यावरून जगभर पोचवला. २००० च्या डिसेंबरात तिनं थ्रीडीएफएक्सची मालमत्ता विकत घेतली. गल्लीत व्हूडूचा साठा पडून राहिलेले दुकानदार त्या महिन्यात माझ्या टेबलापाशी येऊन क्रेडिट नोट मागायचे. देणारी कंपनीच मिटली होती, नोट कुठून आणू?

तो १२ डॉलरचा एक शेअर कुणी जपला असता तर २०२४ पर्यंतच्या सहा विभाजनांनंतर त्याचे ४८० झाले असते. आमच्या इमारतीत हे गणित सगळ्यांना पाठ आहे. आम्ही कार्डं विकत होतो, शेअर घेतले नाहीत, एवढं सांगून हा विषय मी संपवते. मधल्या वर्षांत तो शेअर किती वेळा निम्म्याखाली गेला हे मात्र कुणी पाठ करत नाही. २०१८ च्या ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत तो अर्ध्यावर आला. २०२२ मध्ये पुन्हा अर्धा झाला. या दोन्ही वेळी माझ्या खतावणीत काय चाललं होतं ते बघण्यासारखं आहे.

२०१७ मध्ये आमच्याकडे अशी गिऱ्हाइकं यायला लागली, ज्यांना गेमचं नावही माहीत नव्हतं. ती पॅलेटनं कार्डं मागायची. इथेरियम नावाचं डिजिटल चलन कार्डावर गणितं सोडवून, म्हणजे ‘खाणकाम’ करून, मिळवता येत होतं आणि त्याचा भाव जानेवारी २०१७ मधल्या दहा डॉलरच्या आतून वर्षभरात हजार डॉलरच्या वर गेला होता. एएमडी या दुसऱ्या चिप कंपनीचं आरएक्स ५८० हे २२९ डॉलरचं कार्ड. ते दुप्पट भावानं मिळेना. माझ्या नोकरीत पहिल्यांदाच असं झालं की जुना माल नव्या मालापेक्षा महाग विकला जात होता. क्रेडिट नोटा बंद. सेल्समन खूश, मालक खूश. आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समधल्या एका शेजाऱ्यानं तर हॉलमध्ये सहा कार्डांचा सांगाडा उभा केला. दुबईत विजेचा पहिला टप्पा युनिटला २३ फिल्स, त्यावर इंधनाचा अधिभार. त्याला वाटलं, परवडेल. त्याची बायको मला भेटून म्हणाली, “काकू, घरात इस्त्री केल्यासारखा वास येतो हो सारखा.”

२०१८ च्या डिसेंबरात इथेरियम शंभर डॉलरच्या खाली गेलं. नोव्हेंबरात एनव्हिडियानं कबूल केलं की मधल्या दर्जाची कार्डं वितरकांकडे तुंबून पडली आहेत आणि दुसऱ्या दिवशी शेअर एका फटक्यात सुमारे १९ टक्के घसरला. खाणकामातून किती विक्री झाली हे कंपनीनं गुंतवणूकदारांना नीट सांगितलं नाही, असा ठपका ठेवून अमेरिकेच्या रोखे आयोगानं २०२२ मध्ये तिच्याकडून ५५ लाख डॉलर वसूल केले. गल्लीत त्या हिवाळ्यात किती शटरं बंद झाली याचा हिशेब कुणी ठेवला नाही. पण पुढच्याच वर्षी आमच्या वसाहतीतल्या पोरांनी वापरलेली कार्डं कवडीमोलानं घेतली. शेजाऱ्याच्या सांगाड्यातली सहाच्या सहा इथल्याच घरांत गेली.

हे मला ओळखीचं वाटलं. सांगलीजवळ हरिपूरला जमिनीत पेवं आहेत. खोल खड्ड्यांत हळद भरून ठेवायची, भाव आला की उपसायची. वडील म्हणायचे, पेवातली हळद दिसत नाही म्हणून ती नाही असं समजू नये. ती कधी ना कधी बाजारात येतेच आणि भाव पाडते. खाणवाल्यांनी उचललेली कार्डं पेवातल्या हळदीसारखी होती. माल तोच, फक्त काही काळ नजरेआड.

पुन्हा तेच झालं २०२० ते २०२२ मध्ये. आरटीएक्स ३०८० हे ६९९ डॉलरचं कार्ड १७ सप्टेंबर २०२० ला आलं आणि काही मिनिटांत संपलं. दिरहम डॉलरला ३.६७२५ ला बांधलेला आहे, त्यावर पाच टक्के व्हॅट. माझ्या हिशेबानं ते इथे २,७०० दिरहमच्या आत मिळायला हवं. २०२१ मध्ये त्याच्या दुपटीनंही मिळालं नाही. कोविडमुळे सगळं जग घरात बसलं होतं, कारखाने अडले होते आणि खाणवाले परतले होते. एनव्हिडियानं नव्या कार्डांत खाणकाम मंदावणारं कुलूप घातलं आणि काही आठवड्यांतच स्वतःच्याच एका सॉफ्टवेअरमधून ते चुकून उघडून दिलं. आमच्या ऑफिसात त्यावर दोन दिवस हसणं चाललं होतं. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमनं कार्डांवरचं खाणकामच बंद केलं. पेव फुटलं, भाव कोसळले, क्रेडिट नोटा पुन्हा सुरू झाल्या. मी मालकांना म्हटलं, झालं, आपला धंदा पूर्वपदावर आला.

त्यानंतर अडीच महिन्यांनी चॅटजीपीटी आलं.

खरं तर कृत्रिम बुद्धिमत्तेला ही कार्डं लागणार याची नोंद आधीच पडली होती, पण आमच्या वहीत नव्हे. एनव्हिडियानं २००६ मध्ये कुडा नावाची सोय काढली. तिच्यामुळे चित्र रंगवण्यासाठी बनवलेल्या कार्डाकडून कुठलंही मोठं गणित करून घेता येऊ लागलं. २०१२ मध्ये टोरोंटोच्या अ‍ॅलेक्स क्रिझेव्हस्की या विद्यार्थ्यानं, इल्या सुत्स्केव्हर आणि जेफ्री हिंटन यांच्यासोबत, चित्रं ओळखणारं एक जाळं शिकवलं. त्याला लागली दोन जीटीएक्स ५८० कार्डं. ही कार्डं आमच्या यादीत होती! अल ऐन सेंटरच्या कुठल्याही दुकानात काचेमागे ठेवलेली, ड्रॅगनचं नाहीतर चिलखतातल्या बाईचं चित्र असलेली खोकी. कृत्रिम बुद्धिमत्तेचा आजचा डोलारा उभा राहिला तो पोरांनी खेळायला घेतलेल्या कार्डांच्या पैशातून झालेल्या संशोधनावर. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, कारण नंतर पोरांना जे मिळालं ते त्या मानानं फार कमी आहे.

ताळेबंद वाचायची सवय असल्यानं मी एनव्हिडियाचे आकडे बघत असते. जानेवारी २०२० ला संपलेल्या वर्षात कंपनीची विक्री १०.९ अब्ज डॉलर होती आणि त्यातली निम्म्याहून थोडी जास्त गेमिंगची. २०२० च्याच जुलैअखेरच्या तिमाहीत डेटा सेंटरना, म्हणजे मोठ्या संगणक केंद्रांना, झालेल्या विक्रीनं गेमिंगला पहिल्यांदा मागे टाकलं. आणि जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात? एकूण १३०.५ अब्ज डॉलर, त्यात डेटा सेंटर ११५.२ अब्ज आणि गेमिंग ११.४ अब्जांच्या आत. गेमिंग घटलेलं नाही हे लक्षात घ्या, पाच वर्षांत दुप्पट झालं. पण ज्या घरात ते कर्ता होतं, तिथे ते शंभरात नऊवर आलं.

खाणवाला आणि डेटा सेंटर यांत जो फरक आहे, तो इथल्या बऱ्याच लोकांच्या लक्षात येत नाही. खाणवाला तुमचंच कार्ड उचलायचा आणि वर्ष-दोन वर्षांनी परत बाजारात ओतायचा. डेटा सेंटरवाला तुमचं कार्ड घेतच नाही. तो ते ज्या जागी बनलं असतं ती जागा घेतो. तैवानच्या टीएसएमसी कारखान्यातली सिलिकॉनची चकती मोजकी आहे. आरटीएक्स ५०९० मध्ये जी जीबी२०२ नावाची चिप आहे, तीच चिप ९६ जीबी मेमरी लावून आरटीएक्स प्रो ६००० या नावानं आठ हजार डॉलरच्या वर विकली जाते. ५०९० ची यादीतली किंमत १,९९९ डॉलर. मी कंपनीची हिशेबनीस असते तर चिप कुठल्या खोक्यात घालायची हे सांगायला मला एक मिनिटही लागलं नसतं. दिरहममध्ये व्हॅटसकट हे कार्ड ७,७०० च्या आसपास पडायला हवं. जानेवारी २०२५ च्या शेवटी ते आलं आणि इथे दहा हजारांच्या वरच बोली सुरू झाली. गल्लीतल्या दुकानदारावर नफेखोरीचा आरोप करणं सोपं आहे, थोडा खराही आहे, पण मूळ टंचाई त्याच्या काउंटरवर तयार झालेली नाही.

मेमरीचं तर त्याहून वाईट. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या हातात जगातली बहुतेक मेमरी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या चिपांना एचबीएम नावाची थरावर थर रचलेली मेमरी लागते आणि तेवढीच साठवण बनवायला साध्या मेमरीच्या सुमारे तिप्पट चकती खर्ची पडते. म्हणजे एचबीएमचं एक खोकं निघालं की साध्या रॅमची तीन खोकी जन्मालाच येत नाहीत. २०२५ च्या शेवटच्या महिन्यांत रॅमचे भाव असे भडकले की आमच्या इमारतीतल्या पोरांनी कार्डाचा विषय बाजूला ठेवला. ३ डिसेंबर २०२५ ला मायक्रॉननं जाहीर केलं की क्रुशियल या नावानं घरगुती गिऱ्हाइकाला मेमरी विकणं आपण बंद करतोय. क्रुशियलची निळी-पांढरी पाकिटं मी इतकी वर्षं मोजली होती की ती बातमी दोनदा वाचली.

आणि डेटा सेंटरमध्ये गेलेल्या चिपा परतही येणार नाहीत. एच१०० सारख्या चिपेला पडद्याची तार जोडायला भोकच नसतं. तिच्या काही जाती तर घरच्या कॉम्प्युटरच्या खाचेत बसतही नाहीत. उद्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा फुगा फुटला आणि लाखो चिपा भंगारात निघाल्या, तरी डिस्कव्हरी गार्डन्समधल्या पोराला खेळण्यासाठी त्यांचा फारसा उपयोग होणार नाही. या वेळी पेवात हळदच नाही.

आमच्या दारावरून शेख झायेद रस्ता अबू धाबीकडे जातो. त्या शहराची यातली कथा दुबईच्या व्यापाऱ्यांपेक्षा मोठी आहे आणि थोडी हळहळ लावणारी. नोव्हेंबर २००७ मध्ये अबू धाबी सरकारच्या मुबादला या कंपनीनं एएमडीचा ८.१ टक्के हिस्सा ६२ कोटी २० लाख डॉलरना घेतला. पैशाला गांजलेल्या एएमडीनं पुढच्या वर्षी आपले कारखानेच वेगळे काढले आणि अबू धाबीच्या पैशातून २००९ मध्ये ग्लोबलफाउंड्रीज उभी राहिली. जर्मनीत ड्रेस्डेनला कारखाना, न्यूयॉर्क राज्यात माल्टाला कारखाना. वाळवंटातलं एक शहर जगाच्या चिप कारखान्यांचं मालक झालं होतं. २०१५ मध्ये एएमडीचा शेअर दोन डॉलरच्या खाली होता. तो सुधारायला लागल्यावर मुबादलानं टप्प्याटप्प्यानं आपला वाटा विकला. ऑगस्ट २०१८ मध्ये ग्लोबलफाउंड्रीजनं सात नॅनोमीटरची शर्यत सोडली आणि एएमडीचं सगळं बारीक काम टीएसएमसीकडे गेलं. ऑक्टोबर २०२५ मध्ये चॅटजीपीटीवाल्या ओपनएआयशी करार झाल्यावर एएमडीचा शेअर दोनशे डॉलरच्या वर होता. हिशेबाच्या नियमानं बघितलं तर विकण्याचा निर्णय वाजवी होता. पण ज्या चिपांसाठी आता परवाने मागत फिरावं लागतं, त्या बनवणाऱ्या कंपनीचा मोठा भागीदार एकेकाळी हाच देश होता.

परवान्यांचं असं झालं. अमेरिकेनं ऑक्टोबर २०२२ मध्ये चीनसाठी भारी चिपांवर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ते मध्यपूर्वेतल्या काही देशांपर्यंत वाढवल्याचं एनव्हिडियाच्या कागदपत्रांतून बाहेर आलं. दुबईतून माल पुढे सरकतो ही या शहराची शंभर वर्षांची पुण्याई. नेमकी तीच आता संशयाची बाब झाली. पूर्वी गिऱ्हाईक कोण हे आम्ही फक्त चेक वटेल का यासाठी बघायचो. आता शेवटी माल कोण वापरणार याचं लेखी हमीपत्र मागावं लागतं. मायक्रोसॉफ्टनं एप्रिल २०२४ मध्ये अबू धाबीच्या जी४२ कंपनीत दीड अब्ज डॉलर घातले. मे २०२५ मध्ये ट्रम्प अबू धाबीला येऊन गेले, पाच गिगावॉटच्या डेटा सेंटर संकुलाची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात त्यातल्या एक गिगावॉटच्या ‘स्टारगेट यूएई’ची. त्याचा २०० मेगावॉटचा पहिला टप्पा २०२६ साठी ठरला.

पुण्याच्या लोकांना यात आपलं काहीतरी दिसेल. ऐंशीच्या दशकात अमेरिकेनं भारताला हवा तसा क्रे महासंगणक देण्यात खळखळ केली. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये परम ८००० उभा राहिला. त्याच सी-डॅकचा २०२० चा परम सिद्धी-एआय जगातल्या महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला, तो एनव्हिडियाच्या ए१०० चिपांवर. नकाराला उत्तर म्हणून जन्मलेली संस्था तीस वर्षांनी त्याच रांगेत उभी होती. मी हे टीका म्हणून सांगत नाही. दुसरं दुकानच उघडं नव्हतं.

आता शेअर. इथल्या मराठी घरांत हा विषय निघाला की मला बोलावून घेतात, कारण ‘वहिनींना कॉम्प्युटरचा धंदा कळतो’. दुबईत अशा नफ्यावर कर नाही, डॉलर आणि दिरहमची गाठ पक्की, त्यामुळे अमेरिकन शेअर घेणं भारतातल्यापेक्षा सोपं. एनव्हिडियाचं बाजारमूल्य मे २०२३ मध्ये एक लाख कोटी डॉलरला शिवलं, जुलै २०२५ मध्ये चार आणि ऑक्टोबरात पाच लाख कोटींच्या पलीकडे गेलं. मधे २७ जानेवारी २०२५ ला चीनच्या डीपसीक या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मॉडेलची बातमी आली आणि एका दिवसात १७ टक्के, म्हणजे सुमारे ६०० अब्ज डॉलर पुसले गेले. त्या संध्याकाळी आमच्या बागेत एकही माणूस चालताना दिसला नाही, सगळे बाकांवर.

मला त्या शेअरमध्ये जे खटकतं ते भावाबद्दल नाही, उधारीबद्दल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियानं ओपनएआयमध्ये १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला. ते पैसे ज्या डेटा सेंटरांसाठी, ती एनव्हिडियाच्याच चिपांनी भरायची. पुढच्याच महिन्यात एएमडीनं ओपनएआयला माल विकताना स्वतःचे १६ कोटींपर्यंत शेअर नाममात्र किमतीत घेण्याचा हक्क दिला. विकणाराच घेणाऱ्याला पैसे पुरवतो, हा प्रकार मी कॉम्प्युटर स्ट्रीटवर रोज पाहिलाय. आम्ही त्याला पीडीसी म्हणायचो. धंदा चालू असतो तोवर ही पद्धत उत्तम, दोघांचीही विक्री फुगते. २००० च्या सुमारास दूरसंचार कंपन्यांना माल उधार देणारी लुसेंट यातच बसली. आजच्या कंपन्यांकडे खरा नफा आणि खरी रोख आहे, लुसेंटशी बरोबरी करणं अन्यायाचं होईल. पण चेक कुणाच्या खात्यावरचा आहे हे न बघता जो फक्त विक्रीचा आकडा बघतो, त्याला मी माझ्या टेबलावर बसू देणार नाही.

जाता जाता, ज्यांनी बरेच अमेरिकन शेअर साठवलेत त्यांनी आणखी एक गोष्ट विचारून घ्यावी. अमेरिकेत न राहणाऱ्या परकी माणसाच्या मृत्यूनंतर त्याच्या ६०,००० डॉलरवरच्या तिथल्या मालमत्तेला वारसा कर लागतो, आणि भारताचा किंवा अमिरातीचा त्याबाबत अमेरिकेशी करार नाही. बागेतल्या चर्चेत हे कुणी बोलत नाही.

कॉम्प्युटर स्ट्रीटवर अजून दुकानं आहेत, पण बरीचशी आता दुरुस्तीची, कॅमेऱ्यांची, मोबाइलच्या कव्हरांची. पोरं कार्ड ऑनलाइन मागवतात. भाव आता ना आमचे मालक ठरवतात, ना गल्ली. २०१८ सारखा, २०२२ सारखा भाव पडेल म्हणून जे थांबलेत त्यांना माझं सांगणं आहे की या वेळी परत येणारा माल नाही. कारखान्यांची क्षमता वाढेल तेव्हा भाव उतरेल, आणि नवा चिप कारखाना उभा राहायला वर्षं लागतात. घरात पोराला खरंच गरज असेल तर मधल्या दर्जाचं कार्ड घ्या, त्यावर बहुतेक सगळं चालतं. व्हॅटचं बिल आणि इथली वॉरंटी मागून घ्या. आणि कार्ड महागलंय म्हणून त्याच कंपनीचा शेअर स्वस्त आहे, असा हिशेब कृपा करून मांडू नका.